सालीचे दुसरे कापड

“पुन्हा एकदा बघा,” बाबिर्ये म्हणाली.

ती टेबलावर आडवी होती आणि डॉ. अपियो मूत्राशयात घातलेली बारीक दुर्बीण बाहेर काढायच्या बेतात होत्या. तपासून झाले होते. मूत्राशयाची आतली भिंत पडद्यावर गुलाबी, गुळगुळीत दिसली होती. कुठे डाग नाही, कुठे फोड नाही. सगळे स्वच्छ आहे, असे डॉक्टरांनी दोनदा सांगितले होते. हे ऐकल्यावर बायका देवाचे नाव घेतात, कुणी रडते, कुणी नर्सच्या गळ्यात पडते. पुन्हा बघा म्हणणारी ही एकटीच.

“काय बघू?”

“एखाद्या कोपऱ्यात असेल. दडून बसलं असेल.”

डॉ. अपियोंनी वाद घातला नाही. त्यांनी दुर्बीण पुन्हा सावकाश फिरवली आणि पडदा तिच्याकडे वळवला. बाबिर्येने मान उंचावून पाहिले. स्वतःच्या पोटातली ही जागा आता तिच्या चांगली ओळखीची झाली होती. गाठ खरवडून काढली होती तिथे एक फिकट वण होता, तेवढाच. तिने मान खाली टाकली. उसनी आणलेली वस्तू परत करायची राहून गेली की माणूस जसा ओशाळा होतो, तशी ती दिसत होती.

“कपडे करून माझ्या खोलीत या,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्हा दोघांच्या गाठींचं तपासून आलंय.”

तुम्हा दोघांच्या. हे दोन शब्द बऱ्याच दिवसांत कुणी उच्चारले नव्हते. पडद्याआड जाऊन तिने आपली ठेवणीतली गोमेसी घातली, कमरेचा पट्टा आवळला. इस्पितळात यायला दर वेळी ती हाच पिवळा, टोकदार खांद्यांचा पायघोळ झगा घालायची, आणि दर वेळी तिला ओल्या मातीचा आणि झाडाच्या सालीचा वास यायचा. तो वास कुठून येतो हे तिला ठाऊक होते. तिच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, सालीचे एक कापड घडी करून ठेवलेले होते. ते तिच्यासाठीच होते.

बाबिर्ये आणि कातो ही जुळी. युगांडातल्या या बुगांडा प्रांतात जुळ्यांच्या नावांवर डोके खाजवावे लागत नाही. आधी आलेली मुलगी बाबिर्ये, मागून आलेला मुलगा कातो, झाले. जुळी झाली की आईचेही जुने नाव गळून पडते आणि ती जन्मभर नालोंगो होते. बाबिर्येची आई ऐंशीच्या घरात पोचली होती आणि कामेंगो गावात तिचे पहिले नाव आठवणारे आता कुणी उरले नव्हते. तिलाही त्याची काही खंत नव्हती. दोन पोरे एका दमात काढलेल्या बाईला गावात जो मान असतो तो तिने मनापासून उपभोगला, आणि त्या बदल्यात जुळ्यांचा नियम कधी मोडला नाही. एकाला जे, तेच दुसऱ्याला. एकाला केळे तर दुसऱ्याला केळे. कातोच्या पाठीत धपाटा बसला की बाबिर्येलाही, तिने काही केलेले नसले तरी, एक बसायचाच. कमी-जास्त झाले तर ज्याला कमी पडले तो रुसतो, आणि रुसलेले जुळे उडून जाते. जुळे मरत नाही, उडून जाते. तसेच बोलायचे. आणि उडून गेलेल्यासाठी रडायचे नाही.

घरचा धंदा चटयांचा. शिंदीची पाने वाळवायची, चिरायची, रंगाच्या पातेल्यात उकळायची आणि मग विणायला बसायचे. रंगाची पूड बाजारातून यायची. दोघांनी लहानपणापासून एकाच पातेल्याची वाफ खाल्ली. दोघांचे तळहात आठवडाभर जांभळे, तर पुढचा आठवडाभर हिरवे. कातोचे लग्न झाले, मुले झाली. बाबिर्येचेही लग्न झाले, नवरा लवकर गेला, आणि ती परत आईच्या अंगणात आली. पातेले तेच राहिले.

कातोच्या लघवीतून पहिल्यांदा रक्त गेले तेव्हा तो घाबरला नाही. लाल रंग उकळला की लाल येणारच, असे तो धरून चालला. पुढे हिरवा उकळला तरी लालच यायला लागले तेव्हा त्याने बहिणीला सांगितले. ती पातेल्यात काठी फिरवत होती. तिने काठी थांबवून त्याच्याकडे पाहिले आणि तिला हसू आले, कारण तिलाही तेच होत होते आणि तीही तेच धरून चालली होती. दोघे पोट धरून हसली. एकाला जे, तेच दुसऱ्याला. आजार असता तर एकालाच झाला असता. दोघांना झाले म्हणजे हे जुळेपणाचेच काही तरी असणार, असे आईसकट तिघांचेही मत पडले. त्यात पुष्कळ दिवस गेले.

शेवटी दोघे मिळून कंपालाला टेकडीवरच्या इस्पितळात गेली. एकाच दिवशी दोघांच्या पोटात दुर्बीण गेली आणि एकाच दिवशी दोघांना सांगितले की गाठ आहे, कर्करोगाची आहे. तेव्हाचे सर्जन वेगळे होते, उंच आणि सदा घाईतले. कातोची गाठ भिंतीत शिरू बघते आहे, म्हणून त्यांनी त्याला शस्त्रक्रियेसाठी लगेचचा सोमवार दिला. बाबिर्येची वरवर आहे, ती थांबू शकते, म्हणून तिला पावसाळ्यानंतरची तारीख दिली.

नालोंगो मधे पडली. म्हणाली, एकाच्या पोटाला सुरी लागणार आणि दुसऱ्याच्या नाही, हे माझ्या घरात होणार नाही. दोघांना एका दिवशी घ्या. सर्जननी मुलीची तारीख अलीकडे घेता येते का पाहिले. येत नव्हती, रांग लांब होती. मग मुलाची पुढे ढकला, नालोंगो म्हणाली. सर्जननी बजावले, हा धोका आहे. त्यांच्या परीने त्यांनी चांगले बजावले. पण ते देशाच्या पश्चिम भागातले, भाषा वेगळी, बोलणे दुभाष्या नर्समार्फत, आणि बाहेर रांग. निर्णय कातोवर आला. त्याने खांदे उडवले.

“ही माझ्याआधी बाहेर आली आणि माझी वाट बघत थांबली,” तो म्हणाला. “आता मी थांबतो. फिटंफाट.”

नर्ससुद्धा हसली. त्याचा सोमवार दुसऱ्या कुणाला तरी मिळाला.

पाऊस संपला आणि दोघांना एका दिवशी आत नेले. बाबिर्येची गाठ होती तशीच होती, ती खरवडली आणि काम झाले. कातोचे पोट उघडले आणि पुन्हा शिवून टाकले. घराघरांत हंगामातले नाकतोडे खायला तळले जात होते त्या दिवसांत तो उडून गेला. कुणी रडले नाही. नालोंगोने तर डोळ्यांना हातही लावला नाही. ती बसून होती, येणाऱ्याला बसायला चटई दाखवत होती. दोघांचा आजार कळला तेव्हाच तिने एका झाडाची साल सोलवून, बडवून, दोन कापडे करून घेतली होती, सारख्या मापाची, सारख्या तांबूस रंगाची. एकात कातोला गुंडाळले. दुसरे बाबिर्येच्या ट्रंकेत ठेवले. त्यात दुष्टावा काही नव्हता. एकाला जे, तेच दुसऱ्याला.

तेव्हापासून सगळे गाव बाबिर्येशी फार चांगले वागत होते. विहिरीवर तिला आधी पाणी मिळायचे. चर्चमधल्या गाण्यात तिची ओळ दुसरीला दिली होती, तिला दम लागू नये म्हणून. चटयांची मागणी येई, पण लहान चटयांची; मोठी चटई कुणी सांगत नसे, मधेच राहिली तर अपशकुन. दर तपासणीला ती स्वच्छ आहे असा निरोप घेऊन यायची आणि लोक माना डोलवायचे, पोराने परीक्षेत पास होणार म्हटल्यावर डोलवतात तशा. खोटे कशाला बोला, तिचाही विश्वास नव्हता. कातो निघाला म्हणजे तिचेही निघायचे ठरलेलेच होते. फक्त उशीर का होतोय हे कळत नव्हते, आणि त्या उशिराची तिला लाज वाटे.

डॉ. अपियो नंतर आल्या. त्या देशाच्या उत्तरेच्या, लांगो भागातल्या; पण त्यांचे नाव ऐकल्याबरोबर बाबिर्येचे कान टवकारले होते. उत्तरेकडे जुळ्यांत आधी आलेल्या मुलीला अपियो म्हणतात, हे कुणालाही ठाऊक असते. पहिल्या भेटीतच तिने विचारले होते, तुमच्या मागून कोण आलं? ओचेन, डॉक्टर म्हणाल्या होत्या. तिकडे लिरा गावात शाळेत मास्तर आहे, माझ्याहून उंच आणि माझ्याहून आळशी. त्या दिवसापासून बाबिर्ये त्यांच्याशी बोलू लागली. काढलेल्या गाठींचे तुकडे अभ्यासाला ठेवायची परवानगी दोघांनी आधीच दिली होती. त्या तुकड्यांचे पुढे काय झाले, हे तिने कधी विचारले नव्हते.

आता ती त्यांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली होती. डॉक्टरांनी चहा मागवला, दोघींनाही भरपूर साखर घालून.

“तुमची गाठ आणि कातोची गाठ,” त्या म्हणाल्या, “एकीसारखी दुसरी नव्हती. नाव एकच, पण आजार दोन.”

“पातेलं एकच होतं,” बाबिर्ये म्हणाली.

“पातेलं एकच. पण तुम्ही दोघं एका बीचे दोन भाग नाही. एका पोटात वाढलेल्या दोन वेगळ्या बिया. माझं आणि ओचेनचं तसंच. मुलगा-मुलगी असली की तसंच असतं.”

हे बाबिर्येला नुसते चूकच नव्हे, थोडे अभद्रही वाटले.

डॉक्टरांनी मग सांगितले ते असे. शरीराच्या प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेली गुणसूत्रे असतात. त्यांतल्या एका जोडीवर मुलगी की मुलगा हे ठरते. बाईत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. इतके तिने शाळेत ऐकले होते आणि विसरलीही होती. पण ती जोडी तेवढ्यावर थांबत नाही. एक्सवर एक जनुक असते, ते पेशीला वेडेवाकडे वाढू देत नाही, राखण करते.

“बाईकडे असे राखणदार दोन,” डॉक्टर म्हणाल्या. “दुसरा एक्स बहुतेक कामांत झोपलेला असतो. पण या एका कामापुरता तो जागा राहतो. एक राखणदार बिघडला तर दुसरा आहे. तुमच्या गाठीत तेच दिसलं. एक बिघडलाय, दुसरा शाबूत. म्हणून ती गाठ रांगत होती.”

“आणि त्याच्यात?”

“त्याच्याकडे एक्सवरचा एकच होता, तो बिघडला. वायवर त्याचा एक भाऊबंद असतो, तो थोडंफार सांभाळून घेतो. पण कातोच्या गाठीतल्या पेशींनी वायच टाकून दिला होता. सगळाच्या सगळा. वय वाढलेल्या पुरुषांत असं होतं कधी कधी. अशी गाठ दांडगी होते. शरीरातल्या पहारेकऱ्यांनाही ती चकवते.”

बाबिर्येने कप खाली ठेवला. माणूस पुरुष असतो आणि त्याच्या आतली गाठ पुरुष असायचे सोडून देते, हे तिने दोनदा मनात घोळवून पाहिले. कातोला सांगितले असते तर त्याने यावर काय काय विनोद केले असते, तेही तिला ऐकू आले.

डॉक्टर प्रामाणिक बाई होत्या. त्यांनी लगेच सांगितले की बायकांचे सगळेच बरे असते असे नाही. कित्येकींचे रक्त पाळीचे समजून घरचे गप्प बसतात आणि त्या उशिरा येतात. वाय टाकून दिलेल्या गाठीवर काही नवी औषधे उलट जास्त चालतात असे आता दिसायला लागले आहे, पण ती औषधे इकडे पोचलेली नाहीत. आणि दोन माणसांवरून साऱ्या जगाचे काही सांगता येत नाही. मात्र या दोन माणसांचे सांगता येते.

“तुम्हाला लक्ष ठेवायला यायचं आहेच,” त्या म्हणाल्या. “पण त्याचं झालं म्हणून तुमचं होणार, असं काही नाही. तुमचा रस्ताच वेगळा आहे. तो पहिल्यापासून वेगळा होता.”

बाबिर्येने खिडकीबाहेर पाहिले. तिथे एक मारबू करकोचा कचऱ्याच्या डब्यावर उभा होता. मग तिने विचारले, आणि विचारताना तिचा आवाज नेहमीचाच होता.

“तो सोमवार धरला असता तर?”

डॉ. अपियोंनी आपला कप बाजूला सारला.

“वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण त्या सोमवारी गाठ मूत्राशयातच होती. नंतर ती सगळीकडे होती. एवढंच मला माहीत आहे.”

“आणि मी थांबले असते तर चाललं असतं.”

“तुम्ही थांबलातच की.”

परतीच्या, माणसांनी भरलेल्या टॅक्सी-व्हॅनमध्ये तिला मागची, चाकावरची जागा मिळाली. गुडघे हनुवटीला लागत होते. मासाकाच्या रस्त्याला लागेपर्यंत तिने काही विचार केला नाही. शेजारच्या माणसाच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी होती, तिच्याकडे बघत राहिली. दलदलीचा पट्टा सुरू झाला तेव्हा तिच्या ध्यानात आले की आपण अडकलो आहोत.

आपण जगणार आहोत हे घरी सांगायचे तर का जगणार हेही सांगावे लागणार. आणि ते सांगितले की कातो आपल्यासाठी थांबला, तो उगाच थांबला, हे आपोआप बाहेर पडणार. दोन्ही गोष्टी एका दोरीत बांधलेल्या. एक घेतली की दुसरी मागून आलीच. आईने आयुष्यभर ज्या नियमाच्या जोरावर मान घेतला, त्याच नियमाने तिचा पोरगा नेला, हे ऐंशीच्या म्हातारीला कुणी आणि कशासाठी सांगायचे? आपल्याला आईचा राग येतो का, हेही तिने चाचपून पाहिले. येत होता. थोडा नव्हे, चांगलाच येत होता. पण तो राग घेऊन त्या अंगणात जाऊन बसायचे कसे, ते तिला समजेना. त्यापेक्षा गप्प बसावे. लोक चांगले वागतात, विहिरीवर आधी पाणी मिळते. म्हातारी जाईपर्यंत मरणाची वाट बघत असल्यासारखे दाखवायचे, इतकेच. कामेंगोला उतरेपर्यंत तिचे ठरून गेले होते.

अंगणात पाऊल टाकले आणि ती जागीच थांबली. केळीच्या दोन बुंध्यांमध्ये बांबू आडवा बांधून नालोंगोने सालीचे कापड उन्हात घातले होते. दुपारच्या उन्हात ते चांगले लालसर दिसत होते. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यांना ते दिसले असणार.

“कसर लागली असती,” नालोंगो म्हणाली. ती चटईवर पाय पसरून शिंदीची पाने चिरत होती. असा आजार त्या पुडीच्या रंगाने होऊ शकतो, हे इस्पितळातून कळल्यापासून त्यांनी तो बंद केला होता. आता दलदलीच्या चिखलाचा काळा आणि पानांचा मूळचा पांढरा, एवढेच. “तुझ्या ट्रंकेत हवा नाही. काय म्हणाली डॉक्टरीण?”

“स्वच्छ आहे म्हणाली.”

“हं.” म्हातारीने पान उलटून दुसरी बाजू चिरली. “जेवून घे. शेंगदाण्याचं कालवण आहे, केळी पानात झाकून ठेवली आहेत.”

बाबिर्ये तिच्यासमोर बसली आणि पाने निवडू लागली. नालोंगोने मग घरातल्या गोष्टी सांगितल्या. युनिया, कातोच्या मागे मुलांना घेऊन माहेरी राहायला गेलेली त्याची बायको, येऊन गेली होती. केझियाचे लग्न ठरले होते. मुलाकडचे लोक रीतसर बघायला येणार, त्यांच्यासमोर मुलीला पुढे करायचे. कातोची थोरली, केझिया, बाबिर्येच्याच हाताखाली चटई विणायला शिकलेली. अशा दिवशी बापाइतकाच मान आत्याचा असतो; मुलीला हाताला धरून आणायची ती आत्याने, नवऱ्या मुलाला गर्दीतून ओळखून काढायचे ते आत्याने, आणि सासरी कसे राहायचे ते आधी कानात सांगायचे तेही आत्यानेच.

“चांगलं झालं,” बाबिर्ये म्हणाली. “मी तिच्यासाठी मोठी चटई घेते विणायला. आजच सुरू करते.”

नालोंगोने तिच्याकडे न बघता पाने गोळा केली.

“मोठी नको. राहील अर्धी.” आणि थोडे थांबून, “आम्ही एसेझाला सांगितलंय. बुताम्बालाहून येईल ती. चुलत असली तरी आत्याच ना.”

“आत्या मी आहे.”

“आहेस की. पण पोरीच्या लग्नाची घडी. मांडवात आत्या उभी राहायची आणि पुढच्या महिन्यात... पोरीला तो डाग नको. तुझ्यासाठीच बोलतेय मी. तू दगदग करू नकोस. केझियालाही पटलंय.”

केझियालाही पटले, हे बाबिर्येच्या वर्मी लागले. ती बांबूवरच्या कापडाकडे बघत राहिली. टॅक्सीत ठरवलेले सगळे कुठच्या कुठे गेले. कातोची मुलगी दुसऱ्या कुणाचा हात धरून बाहेर येणार आणि ती स्वतः मागे बसून आपल्या मरणाची राखण करणार, हे तिला सहन होण्यासारखे नव्हते. तिथे तिचा राग आणि तिची माया एकच होती.

“आई,” ती म्हणाली, “मी जाणार नाहीये.”

“कुठे?”

“कुठेच.”

आणि तिने सांगितले. डॉक्टरीण स्वतः जुळ्यातली आहे, इथपासून सुरुवात केली. दोन बिया, दोन राखणदार, एक झोपाळू पण जागा राहणारा. कातोच्या गाठीने टाकून दिलेले ते. तिला नीट सांगता आले नाही, काही मागेपुढे झाले. नालोंगोने सुरी खाली ठेवून ऐकले. मधे एकदाच विचारले, म्हणजे तो कमी होता का? नाही, बाबिर्ये म्हणाली, कमी नाही. त्याला सुटं दुसरं दिलेलं नव्हतं, कुठल्याच पुरुषाला नसतं.

“पण मी तर दोघांना सारखंच दिलं,” नालोंगो म्हणाली. “दूधसुद्धा. एक इकडे, एक तिकडे.”

“तुझ्या हातातलं नव्हतं ते.”

शेजारच्या अंगणात कुणीतरी मुसळाने शेंगदाणे कुटत होते. तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. म्हातारी विचार करत होती. बाबिर्येला आईचे तोंड पाठ होते. आता ती कुठे पोचली आहे हे तिला दिसत होते आणि तिला थांबवावेसेही वाटत होते. पण नालोंगो हिशेबाला पक्की होती.

“तुझी थांबली असती,” ती म्हणाली. “गाठ.”

“हो.”

“त्याची थांबणारी नव्हती.”

“नाही.”

“आणि मी त्याला थांबवलं.”

तूच एकटी नाही, असे बाबिर्येला म्हणता आले असते, तो स्वतःही हसत हो म्हणाला होता, आणि तीही तेव्हा काही बोलली नव्हती. ते सगळे खरे होते. पण म्हातारी तिच्याकडे बघतच नव्हती. ती पोराच्या रिकाम्या घराकडे, त्याच्या दाराकडे बघत होती.

“म्हणजे तो वेगळा होता,” नालोंगो सावकाश म्हणाली. “त्याचं त्याचं दुखणं होतं. त्याचं त्याला.” तिने हात पुसले. “म्हणजे माझा कातो मेला.”

बाबिर्येने झटकन रस्त्याकडे पाहिले, कुणी ऐकले तर नाही ना म्हणून. हा शब्द या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. नालोंगोने तो पुन्हा उच्चारला, जरा मोठ्याने, आणि मग ती रडू लागली. मोठ्याने नाही. तोंडावर हात घेऊन, खालमानेने, एखाद्या सामान्य बाईचा मुलगा गेला म्हणजे ती रडते तशी. दोन वर्षांचे रडणे राहिलेले होते, ते पुष्कळ वेळ चालले. बाबिर्ये जवळ सरकली नाही आणि उठूनही गेली नाही. ती पाने निवडत राहिली, लांब एका बाजूला, आखूड एका बाजूला, आणि तिचे डोळेही गळत होते.

ऊन कलले. दव पडायच्या आत कापड आत घ्यायला हवे होते. नालोंगो गुडघ्यावर हात टेकत उठली. बाबिर्येने मदतीला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. बांबूवरून कापड उतरवून तिने ते झटकले, छातीशी धरून घडी घातली, घडीवर हात फिरवून कडा जुळवल्या. सवयीने बाबिर्ये आत गेली आणि आपल्या ट्रंकेचे झाकण उघडून उभी राहिली.

नालोंगो आत आली. उघड्या ट्रंकेसमोरून ती पुढे गेली, आपल्या खोलीत. वाकून तिने ते कापड आपल्या खाटेखाली ठेवले, अगदी भिंतीपर्यंत सरकवले, आणि वरची चादर ओढून सरळ केली.

“युनियाला निरोप धाड,” ती आतूनच म्हणाली. “एसेझाला येऊ नको म्हणावं. नाही, येऊ दे, पण पाहुणी म्हणून.”

बाबिर्येने झाकण लावले नाही. ट्रंकेला हवा लागावी म्हणून ते तसेच उघडे ठेवले आणि ती बाहेर येऊन सर्वांत लांब पाने वेगळी काढायला बसली. मोठ्या चटईला ती लागणार होती.